थांबलेल्या लंबकाला लागलेले बोट

राग आला की माणूस पुढे सरसावतो. शिसारी आली की मागे सरतो, पदर सावरतो, श्वास आखडून धरतो. हा फरक मला कोणी शिकवला नाही. मागच्या हिवाळ्यात धुळ्याच्या एका सभागृहात तिसऱ्या रांगेत बसले असताना तो माझा मला कळला. तोपर्यंत मी स्वतःला रागीट समजत होते.

मी जळगावच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. मेहरूणला राहते. सकाळी तलावाच्या काठाने फिरायला जाते, आणि तिथेच त्या वर्षभरात ‘क्वांटम’ हा शब्द माझ्या कानांवर इतक्यांदा पडला की त्याची मला किळस येऊ लागली. माझ्याबरोबर फिरणारे एक निवृत्त बँक अधिकारी गळ्यात क्वांटम लॉकेट घालत. त्याने गुडघे दुखायचे थांबतात, असे ते सांगत आणि बाकावर बसून गुडघे चोळत. एका बाईंनी क्वांटम पाण्याची बाटली मला प्यायला दिली. पाण्याला प्लास्टिकचा वास होता. आयुष्यभर जपून, फळा पुसून पुसून, एकेक पायरी चढवत जी गोष्ट मुलांना सांगायची, ती अशी कोणाच्याही तोंडात चघळलेली पाहणे म्हणजे आपल्या ताटातला घास दुसऱ्याने उष्टा करून परत ठेवल्यासारखे वाटे.

म्हणून शेजारणीची भाची त्या दिवाळीच्या सुटीत माझ्याकडे आली आणि तिने त्याच शब्दाने सुरुवात केली, तेव्हा मी दारातच कपाळाला आठी घातली. मुलगी चोपड्याजवळच्या एका खेड्यातली, दहावीत शिकणारी. तिच्या शाळेला विज्ञान भाषणाच्या स्पर्धेत उतरायचे होते आणि त्या वर्षीचा विषय होता क्वांटम विज्ञान. तिने मोबाइलवर काहीतरी वाचले होते. तिने विचारले, “बाई, गुरुत्वाकर्षण क्वांटम आहे का, हे कोणालाच माहीत नाही, असं लिहिलंय. खरंच माहीत नाही का?”

माझी आठी गेली. ‘माहीत नाही’ हे शब्द ऐकून आनंद व्हावा, अशी वेळ शिक्षकावर क्वचित येते.

तिला मी जे समजावले, ते इथे थोडक्यात सांगते, कारण पुढची सारी गोष्ट त्यावर उभी आहे. अणू हा अतिशय लहान. त्याला निर्वात नळीत ठेवून लेझरच्या प्रकाशाचा हलका टोला दिला, तर तो एकाच वेळी दोन वाटांनी जातो. वाक्य ऐकायला खोटे वाटते. पण त्या दोन वाटा पुन्हा एकत्र आणल्या की दोन लाटा एकमेकींत मिसळाव्यात तशी एक नक्षी उमटते, आणि ती नक्षी मोजता येते. याला व्यतिकरण म्हणतात. अणू एकाच वाटेने गेला असता, तर नक्षी उमटली नसती.

आता त्या अणूशेजारी एक जड लंबक टांगला आहे, अशी कल्पना करा. अणूला वजन आहे, म्हणून तो लंबकाला ओढतो. ओढ नावापुरती, पण ओढतोच. गुरुत्वाकर्षणही क्वांटम असेल, तर अणूच्या दोन वाटा लंबकाला दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी ओढतील आणि अणू कोणत्या वाटेने गेला याची खूण लंबकात शिल्लक राहील. खूण शिल्लक राहिली की नक्षी पुसट होते. पण लंबक झोका पुरा करून मूळ जागी येतो, तेव्हा ती खूणही पुसली जाते आणि नक्षी पुन्हा उजळते. आवाज, धक्का, उष्णता यांनीही नक्षी पुसट होऊ शकते. मात्र तशी पुसलेली नक्षी परत येत नाही. म्हणजे शास्त्रज्ञांना पाहायचे आहे ते नक्षीचे जाणे नव्हे, तर तिचे परत येणे. ही ओढ इतकी क्षीण असते की अजून कोणालाही हा प्रयोग पार पाडता आलेला नाही, आणि पार पडला तरी त्यावरून नेमके काय म्हणता येईल, याविषयी जाणकारांत वाद आहे.

मुलीने हे दोनदा ऐकले. तिसऱ्यांदा तिने मला ऐकवले आणि विचारले, हे लोकांना दाखवायचे कसे? अणू तर दाखवता येणार नाही.

दाखवण्यासाठी आम्ही जोडलंबक निवडला. दोन दांड्यांमध्ये एक दोरी थोडी सैल बांधायची आणि तिला सारख्या लांबीचे दोन लंबक टांगायचे. एकाला झोका दिला की त्याची गती दोरीतून हळूहळू दुसऱ्याकडे जाते. पहिला मंदावतो, पूर्ण थांबतो. तेवढ्यात दुसरा जोरात हलू लागलेला असतो. मग कोणीही हात न लावता दुसरा मंदावतो आणि थांबलेला पहिला पुन्हा हलू लागतो. घर्षणाने गेलेली गती परत येत नाही. जोडीदाराकडे गेलेली येते. लंबकाच्या गोळ्यांसाठी तिने घरून दोन सारखी लोखंडी वजने आणली. तिचे आजोबा, ज्यांना सारे गाव आबा म्हणते, चोपड्याच्या बाजारात मापाडी होते. काट्यावर माल तोलण्यात त्यांची उमर गेली. घरात वजने पडून होती. ती तिने सुतळीच्या जाळीत बांधली.

मी तिला एकच गोष्ट बजावली: दाखला वेगळा आणि पुरावा वेगळा. हा लंबक म्हणजे दाखला आहे. गुरुत्वाकर्षणाविषयी तो काहीच सिद्ध करत नाही. तिने भाषणाचे शेवटचे वाक्य स्वतः लिहिले: ‘उत्तर अजून माहीत नाही, पण प्रश्न कसा विचारायचा, हे आता माहीत झाले आहे.’

या वाक्याने तिच्या शाळेत गोंधळ उडाला. तिचे विज्ञानाचे सर या स्पर्धेसाठी तिचे मार्गदर्शक होते. माणूस वाईट नाही. अंगाने किडकिडीत, बोलायला मऊ, मुलांवर कधी हात न उचलणारा. पण आमच्याकडे प्रयोग लिहिण्याची एक ठरलेली चाल आहे: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. मला ही चाल फार प्रिय आहे. जिना चढण्याची तिच्याइतकी प्रामाणिक रीत मी दुसरी पाहिली नाही. तोच जिना आता लोक वरून खाली उतरतात. निष्कर्ष आधी लिहायचा, मग त्याला जुळेल असे निरीक्षण, आणि कृती झालीच तर झाली. सरांनी मुलीच्या तक्त्यावर शेवटी ठळक अक्षरांत लिहून टाकले: ‘यावरून गुरुत्वाकर्षण क्वांटम आहे, हे सिद्ध होते.’ मुलीने त्यावर कोरी पट्टी चिकटवली. सरांनी मला फोन केला. परीक्षक निष्कर्ष शोधतात, तो नसला की गुण जातात, असे ते कळवळून सांगत होते. मी म्हटले, पट्टी राहू द्या. त्यांनी राहू दिली, पण त्यांच्या आवाजात मला न सांगितलेली भीती होती.

भीतीचे कारण मुलीने सांगितले. घरात आबांनी शब्द दिला होता: धुळ्यात पहिला नंबर आला, तर दहावीनंतर तिला विज्ञान शिकायला जळगावला मावशीकडे, म्हणजे माझ्या शेजारणीकडे, ठेवू, नाही आला, तर गावाजवळच्या कॉलेजात कला शाखा. आई-वडिलांचे त्यावर काही चालत नव्हते. आबा धुळ्याला स्वतः येणार होते. नंबर कानाने ऐकल्याशिवाय त्यांचा विश्वास बसणार नव्हता.

मी जळगावहून बसने गेले. स्पर्धा दहा वाजता होती. दहा वाजता व्यासपीठावर फक्त खुर्च्या होत्या, आणि त्यांच्या पांढऱ्या आवरणांवर आदल्या कुठल्याशा लग्नातले आमटीचे डाग. पाहुणे उशिरा आले. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, आणि सत्कार. व्यासपीठावरच्या प्रत्येकाला शाल, नारळ, गुलाबाचा हार. मग ज्यांनी सत्कार केला त्यांचा सत्कार. मग मंडप घालणाऱ्याचा, ध्वनिक्षेपकवाल्याचा. पाकळ्या पायांखाली चिरडून तिथे एक काळपट, चिकट लगदा झाला होता आणि त्याला गोडसर, आंबूस वास सुटला होता. मुले कोपऱ्यात आपापले साहित्य मांडीवर घेऊन बसली होती. त्यांना पाणीही कोणी विचारले नाही. एका वक्त्याने सांगितले की क्वांटम वगैरे सारे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. टाळ्या पडल्या. बसमध्ये मळमळू नये म्हणून मी रुमालाला सुंठ लावून आणली होती, तो रुमाल नाकाशी धरला.

सत्कारांनी सकाळ खाल्ली, तेव्हा आयोजकांनी जाहीर केले की वेळेअभावी प्रत्येक स्पर्धकाची वेळ निम्मी करण्यात येत आहे. ज्यांनी वेळ खाल्ली त्यांच्यापैकी कोणाचेही काही निम्मे झाले नाही.

आमच्या मुलीच्या आधी एका मुलाने भाषण केले. त्याचे उपकरण शहरातल्या दुकानातून तयार आणलेले होते. त्यात निळे दिवे लुकलुकत होते. क्वांटम ऊर्जेने भारलेले पाणी घातल्यास केळीचा घड दुप्पट होतो, असे त्याचे म्हणणे. चूक त्या पोराची नव्हती. त्याला कोणीतरी घोकवले होते, आणि घोकलेले बोलताना त्याचे डोळे अगदी रिकामे होते. परीक्षकांपैकी जाडजूड अंगठ्या घातलेले जे प्रमुख होते, त्यांनी मान डोलवून विचारले, “आणि निष्कर्ष?” मुलगा म्हणाला, “सिद्ध झाले.”

मग तिचे नाव पुकारले. तिने दांड्या उभ्या केल्या, वजने टांगली, आणि स्वच्छ आवाजात, न अडखळता, अणूच्या दोन वाटा सांगितल्या. निम्म्या वेळेत बसेल असे तिने कोपऱ्यात बसल्या बसल्या मनाशी कापून ठेवले होते. तिने पहिल्या वजनाला झोका दिला आणि म्हणाली, “आता हे थांबेल. थांबलं म्हणजे संपलं असं समजू नका. परत येतंय का, तेवढंच बघा.”

पहिले वजन मंदावले. दुसरे हलू लागले. सभागृहात खाकरणे, खुर्च्या सरकवणे चालूच होते. पहिले वजन थांबले, अगदी निश्चल. प्रमुख परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिले आणि शेजाऱ्याला म्हणाले, बंद पडले वाटते.

एवढे ऐकले मात्र, आणि टेबलाच्या बाजूला उभ्या असलेल्या सरांनी हात पुढे केला आणि थांबलेल्या वजनाला बोटाने अलगद ढकलले.

ते बोट मी अजून विसरलेले नाही. त्यात दुष्टपणा नव्हता. मूल रांगताना कलंडले तर आई हात देते, तितक्या सहजपणे ते पुढे आले. आणि म्हणूनच मला शिसारी आली. शाळातपासणीला साहेब आला की बल्ब पेटलाच पाहिजे, लिटमस लाल झालाच पाहिजे, नाही झाला तर मागून कोणीतरी करावा, हे त्या बोटाला इतके मुरलेले होते की त्याने सरांना विचारलेसुद्धा नाही. ज्या एका क्षणासाठी सारा प्रयोग होता, जिथे सगळ्यांनी हात बांधून नुसते पाहायचे होते, नेमका तोच क्षण त्याने पुसून टाकला. दोन्ही वजने आता वेडीवाकडी हलत होती. प्रमुख परीक्षक प्रसन्न झाले. “हां, चाललं. छान,” ते म्हणाले आणि त्यांनी लेखणी उचलली.

मुलगी तेव्हा गप्प राहिली असती, तर तिचा नंबर आला असता. मला तसे वाटते. सरांना तर खात्री होती. तिने दोन्ही वजने हातांनी धरून थांबवली.

“सरांचा हात लागला,” ती परीक्षकांना म्हणाली. “हे धरू नका. मी पुन्हा करते.” मग वळून, वर्गात रोज ऐकलेल्या स्वरात, “सर, तुम्ही हाताची घडी घाला.”

सभागृह हसले. मागच्या मुलांनी ‘तोंडावर बोट’ असे ओरडून पुरे केले. सरांचे कान लाल झाले, पण त्यांनी खरोखर हाताची घडी घातली. तिने वजन पुन्हा ओढून सोडले. ते हलले, मंदावले, दुसऱ्याने गती घेतली. पहिले थांबले. आणि घंटा वाजली.

तिने विनंती केली की आणखी थोडा वेळ पाहावे. प्रमुखांनी वेळ म्हणजे वेळ, असे म्हणून कागदावर काहीतरी लिहिले. त्याच वेळी कपबशांतून चहा आला. परीक्षकांनी पाठ फिरवली, साय धरलेल्या चहावर फुंकर घातली. पुढच्या स्पर्धकाचे नाव पुकारले गेले. टेबलावर, कोणाचाही हात न लागता, थांबलेले वजन किंचित हलले. मग आणखी. मग पूर्ण झोक्याने हलू लागले. मी पाहिले, मुलीने पाहिले. सरांनीही पाहिले, हाताची घडी त्यांनी अजून सोडली नव्हती.

निकालात पहिला नंबर केळीच्या पाण्याचा. आमच्या मुलीच्या नावापुढे शेरा होता: विषयाची मांडणी चांगली, प्रयोग अयशस्वी. पाहुणे जाताना मुलांच्या डोक्यांवरून हात फिरवून गेले. मला त्या हातांचीही किळस आली.

बाहेरच्या ओसरीत सर माझ्याजवळ आले. त्यांचे डोळे भरले होते. “मॅडम, अधिकाऱ्यांसमोर बंद पडलेली वस्तू दाखवायची नसते,” ते म्हणाले. “मी तिच्या भल्यासाठी केलं.” मला त्यांना पुष्कळ काही सांगता आले असते. मी फक्त म्हटले की ती वस्तू बंद पडलेली नव्हती. त्यांनी मान हलवली. समजले म्हणून हलवली की बोलणे संपवायला, ते मला सांगता येणार नाही.

आबा पायरीवर बसले होते. दाढीचे पांढरे खुंट, डोक्याला टोपी. ते शेवटच्या रांगेत होते आणि बराच वेळ झोपले होते, असे त्यांनीच सांगितले. त्यांनी नातीला अहिराणीत विचारले, “नंबर उना का?”

नंबर आला नाही, असे ती म्हणाली. मुलगी वजने पिशवीत टाकू लागली, तेव्हा त्यांनी एक वजन हातात घेऊन विचारले, “थांबी गयं व्हतं ना हाई? मंग परत कसं हालनं? कोन्ही हात लाया?”

म्हणजे पाहणारे आम्ही तिघेच नव्हतो. तिने आपल्या बोलीत त्यांना सारे सांगितले: पहिल्या वेळी सरांनी हात लावला, दुसऱ्या वेळी कोणीही नाही, ते आपले आपण परत आले, आणि तेच दाखवायचे होते.

आबा माझ्याकडे वळले. “बाई, मी मापाडी व्हतू. काट्याले मी बी बोट लायेल शे. खोटं कसाले बोलू? पन त्यामा नफा व्हता. ह्या सरले काय भेटनं?”

त्यांच्या या उघड कबुलीने मी चपापले. पण दिवसभरात ऐकलेले ते पहिले सरळ वाक्य होते. त्या बोटाला काही मिळत नाही, हीच तर त्यातली ओंगळ गोष्ट.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला, ज्याची मला भीती होती. “जळगावले बी असंच करतस का?”

मुलगी माझ्याकडे पाहत होती. नाही म्हटले असते, तर काम सोपे झाले असते. म्हातारा कदाचित तिथल्या तिथे विरघळला असता. पण मग मीही वजनाला बोट लावल्यासारखेच झाले असते. मी म्हटले, “होय आबा. तिथंही करतात. पुष्कळ ठिकाणी करतात.”

“मंग हाई पोर तठे काय करी?”

उत्तर मुलीनेच दिले. “आबा, मी त्यासले बी हाताची घडी घालाले सांगसू.”

आबांनी वजन पिशवीत टाकले आणि उठले. बसमध्ये त्यांनी नातीला खिडकी दिली. चोपड्याची बस धरायला अमळनेरला उतरताना माझ्याकडे न पाहता म्हणाले की मावशीला विचारून ठेवा, खोलीत हिच्यापुरती जागा आहे का.

जूनपासून ती मेहरूणला आहे, अकरावी विज्ञानात. पहिल्याच आठवड्यात ती प्रयोगशाळेतून सरळ माझ्याकडे आली. साध्या लंबकाने गुरुत्व त्वरण काढायचे होते. दोरा बांधण्याआधीच शिक्षकांनी फळ्यावर उत्तर लिहून दिले होते आणि बाकी सगळ्या मुलांचे तेच आले. मला रुमालावरची सुंठ आठवली.

“तुझं किती आलं?” मी विचारले.

“थोडं कमी. दोऱ्याची लांबी मोजताना चूक झाली असेल. उद्या पुन्हा करू देतो म्हणाले, पण सुटीत, आणि एकटीनंच.”

दुसऱ्या दिवशी जाताना तिने माझ्याकडची मोजपट्टी मागून नेली.